जनरल एज्युकेशनची उद्दिष्टं: ‘ओळख होईल’ याच्या पुढे काय लिहायचं?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. इतकी वर्षं माझ्यासमोर बीएस्सीचीच मुलं असायची. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं आणि पहिल्यांदाच बीएचा वर्ग मिळाला. विषय खुला ऐच्छिक, म्हणजे ओई. दोन क्रेडिट, तीस तास.

ज्यांच्या घरात सध्या कॉलेजला जाणारं कुणी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आता मुलाचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, ज्या शाखेतला असेल, ओई त्याच्या बाहेरच्या शाखेतूनच घ्यावा लागतो. त्याशिवाय सगळ्यांना मिळून भाषा, मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, भारतीय ज्ञानपरंपरेचा आयकेएस आणि कौशल्याचे विषय आहेत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. त्यातला बराच भाग या सामायिक विषयांचा. जगात इतरत्र ज्याला लिबरल आर्ट्‌सचं जनरल एज्युकेशन म्हणतात, त्याचंच हे आपल्याकडचं रूप.

या विषयांची अध्ययन उद्दिष्टं नव्याने लिहायला आमच्या कॉलेजात समिती झाली आहे आणि मी तिच्यात आहे. काल माझ्याच विषयाची जुनी उद्दिष्टं काढून वाचली. ‘विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांची ओळख होईल. दैनंदिन जीवनातील संख्याशास्त्राचे महत्त्व समजेल. विश्लेषणात्मक दृष्टिकोन विकसित होईल.’ तिन्ही वाक्यं मीच लिहिली होती. वाचून वाईट वाटलं. या तीन वाक्यांतून माझ्या वर्गात प्रत्यक्ष काय घडलं याचा पत्ताच लागत नाही.

घडलं ते असं. डिसेंबरमधला तास होता. मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक सांगायला मी फळ्यावर एका गावातल्या दहा घरांचं महिन्याचं उत्पन्न लिहिलं, हजारांत: १२, १२, १३, १४, १५, १५, १६, १८, २० आणि १६५. मुलांनी बेरीज केली, ३०० आली. सरासरी तीस हजार. मग मी विचारलं, ‘तीस हजार मिळवणारं घर दाखवा.’ वर्ग शांत. नऊ घरं वीसच्या आत आणि एक पार वर. मध्यक काढला तर पंधरा हजार. मुलांना पटलं. माझ्या हिशोबानं तास इथे संपला होता.

मागच्या बाकावरचा इतिहास मेजरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘मॅडम, ही दहा घरं कुणी निवडली? आणि कोणत्या महिन्यात? डिसेंबरात आमच्या गल्लीत आलात तर निम्म्या दारांना कुलूप असतं. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात. मग आम्ही या सरासरीत नाहीच.’

मी काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, ‘आणि मॅडम, मजूर नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या नावावर. एकटा असेल तर अर्धा कोयता. मग कमावणारे किती धरायचे, एक की दोन?’

नमुना कसा निवडला आणि मोजायचं एकक काय धरलं, हे दोन्ही प्रश्न बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी महिनाभर शिकवते. इथे ते एफवायच्या मुलांनी स्वतःच्या घरातून आणले. त्या मुलाला इतिहासात शिकवलं होतं की कागदात कोण नाही हेही बघायचं, आणि ते त्यानं माझ्या तासाला लावून बघितलं.

आता माझी चूक सांगते. अंतर्गत परीक्षेत मी प्रश्न काढला: ‘मध्यकाची व्याख्या लिहून सूत्र द्या.’ त्या मुलाला २० पैकी ८ मिळाले.

म्हणून विचारते आहे. जनरल एज्युकेशनचं उद्दिष्ट म्हणून तुम्ही काय लिहाल? ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ असं नको. तास संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते सांगा. गुरुवारी बैठक आहे.

दादर_पश्चिम | सोमवार, रात्री १०:२५

ताई, कोयत्याचं वाचून थांबलो. मुंबईत राहून हे माहीतच नव्हतं.

आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात फाउंडेशन कोर्स होता. आर्ट्‌स, सायन्स, कॉमर्स सगळ्यांना सक्तीचा. आम्ही एफसी म्हणायचो. भारतीय समाज, राज्यघटना, मानवी हक्क, पर्यावरण असं सगळं त्यात होतं. विषय एकूणएक महत्त्वाचे. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेरच्या दुकानातून पातळ गाइड घ्यायचं, रात्री वाचायचं आणि सकाळी लिहून मोकळं व्हायचं. प्रोजेक्ट आधीच्या वर्षाच्या मुलांकडून मिळायचा, फक्त पहिलं पान बदलायचं.

एक गोष्ट मात्र अजून आठवते. एका सरांनी माहिती अधिकाराचा अर्ज आम्हाला खरोखर लिहायला लावला होता. कायदा २००५ चा, तेव्हा नवीनच होता. मी आमच्या गल्लीतल्या अर्धवट खोदलेल्या रस्त्याबद्दल लिहिला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि वॉर्ड ऑफिसात देऊन आलो. उत्तर आलं. त्यानंतर आयुष्यात चार वेळा असा अर्ज केला आहे. बाकी एफसीचं एक अक्षर आठवत नाही.

आंबेमोहर | सोमवार, रात्री ११:१०

धागा मनापासून आवडला. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, पुणे जिल्ह्यात. थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण आपण सक्तीच्या सामायिक विषयाचा हा प्रयोग एकदा करून बसलो आहोत.

वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली निर्देश दिले की शिक्षणाच्या प्रत्येक पातळीवर पर्यावरण शिकवा. पुढे त्यातूनच यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला, आपला ईव्हीएस. पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरूचांनी लिहिलं. तो आराखडा मुळातून वाचा, फार विचार करून केलेला आहे. आठ घटक, पन्नास तास आणि शेवटचा घटक पूर्ण क्षेत्रभेटीचा: जवळची नदी, टेकडी, गवताळ रान, कचरा डेपो असं काहीतरी स्वतः जाऊन बघा आणि नोंदवा. शंभरातले २५ गुण या क्षेत्रकार्याला. म्हणजे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की बाहेर पडल्याशिवाय हा विषय येत नाही.

झालं काय, तर शे-दीडशे मुलांचा वर्ग, एक शिक्षक, शनिवार दुपारचा तास. क्षेत्रभेटीची जर्नलं मी स्वतः तपासली आहेत. ‘नदी परिसंस्थेचा अभ्यास’ या नावाखाली एकाच वर्षी चाळीस मुलांनी एकच नदी, तेच सहा पक्षी आणि तेच निष्कर्ष लिहिलेले. पक्ष्यांची यादी एका जुन्या वहीतून उतरत आली होती. मी सही केली, कारण दीडशे मुलांना घेऊन जायला ना बस होती ना वेळ.

तेव्हा ताई, उद्दिष्ट कितीही चांगलं लिहा, ते तपासायला माणूस आणि तास दिले नाहीत तर त्याची उतरवलेली वही होते. समितीत हे आधी मांडा.

यातही एक वर्ष वेगळं गेलं. मी जर्नल बंद केलं आणि प्रत्येकाला सांगितलं, घराजवळचं एक झाड निवडा आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी त्याच्याबद्दल दोन ओळी लिहा. कॉमर्सच्या एका मुलीनं करंज निवडला. पाचव्या आठवड्यात तिनं लिहिलं, ‘पानांवर फोड आलेत, मागच्या आठवड्यात नव्हते.’ ती कीड होती, माइटमुळे येणाऱ्या गाठी. तिला नाव माहीत नव्हतं, पण बदल तिनं पकडला होता. माझ्यासाठी उद्दिष्ट हे: एक गोष्ट सहा महिने बघत राहता येणं आणि आपण जे पाहिलं तेवढंच लिहिणं.

शिवारफेरी | मंगळवार, सकाळी ६:३५

मी एसटीत वाहक आहे. मुलगी बीकॉमच्या पहिल्या वर्षाला. शिकलेल्या लोकांच्या धाग्यात लिहू की नको असं झालं, पण बापाची बाजू यावी म्हणून लिहितो.

आमच्या गावाहून कॉलेज ३४ किलोमीटर. अडीचची गाडी चुकली तर पुढची पावणेसहाला. ओईचा तास दोन ते तीन. म्हणजे त्या एका तासासाठी पोरगी अंधार पडल्यावर घरी येते. मी विचारलं, या विषयानं तुला काय मिळणार? म्हणाली, ‘क्रेडिट.’ तिला दुसरं काही सांगता आलं नाही, आणि मला ते लागलं. तेवढ्या वेळात टॅली शिकली असती तर आडत दुकानात तरी बसली असती.

शिक्षणाच्या विरोधात मी नाही. मॅडम, तुमचा तास वाचला आणि वाटलं, अशा तासाला पोरगी बसत असेल तर उशिरा आली तरी चालेल. पण ते आम्हाला कळणार कसं? उद्दिष्टात बापाला वाचता येईल असं काहीतरी लिहा.

गाडीत मी रोज बघतो. बचतगटाच्या बाया कर्जाचे कागद पिशवीत घेऊन चाललेल्या असतात आणि मलाच विचारतात, ‘दादा, यात काय लिहिलंय?’ माझ्या पोरीला सही करायच्या आधी कागद वाचता आला पाहिजे. एवढं लिहाल का?

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचं शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं समितीपुढे वाचणार आहे. आणि गाडीच्या वेळेचंसुद्धा. वेळापत्रक करताना ओई नेहमी दिवसाच्या टोकाला ढकलला जातो, कारण तिथे सगळ्या शाखांची मुलं एकत्र आणायची असतात. त्याचा भार कुणावर पडतो ते आम्ही कधी बघितलंच नाही.

रोजमेळ | मंगळवार, दुपारी १:१५

शिवारफेरी दादा, मी कॉमर्सची शिक्षिका. तुमच्या म्हणण्यावर एक तास मी घेते, तो इथे देते. कुणीही वापरावा.

कर्ज ५० हजार, मुदत २४ महिने, कागदावर लिहिलेलं ‘व्याज १२ टक्के फ्लॅट’. मुलं पटकन काढतात: वर्षाला सहा हजार, दोन वर्षांचे बारा हजार, एकूण ६२ हजार, हप्ता सुमारे २,५८३ रुपये. मग मी विचारते, पहिला हप्ता भरल्यावर तुमच्याकडे पूर्ण ५० हजार उरले का? नाही. तरी व्याज शेवटपर्यंत ५० हजारांवरच. हेच १२ टक्के घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता सुमारे २,३५४ येतो. दोन वर्षांत साडेपाच हजारांचा फरक. उलट बाजूनं मोजलं तर फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवरचे जवळजवळ साडेएकवीस टक्के.

हा तास मी बीए मराठीच्या मुलांना दिला, तेव्हा एकीनं कागदातला ‘फ्लॅट’ हा शब्द अधोरेखित करून विचारलं, ‘मराठीत करार करताना हा शब्द मराठीत का नाही लिहिला? सगळ्यांना कळला असता.’ आकडे माझे होते, पण हा प्रश्न भाषेच्या मुलीचाच. माझ्या कॉमर्सच्या मुलांपैकी कुणालाही तो इतक्या वर्षांत पडला नाही.

दूरदेशी_कोकणी | मंगळवार, रात्री ८:४०

मांजराकाठ ताई, मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात जनरल एज्युकेशनचे गणिताचे वर्ग घेते. मूळची देवगडची. इथे हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून मुलांना विषय निवडायची मोकळीक दिली. पुढे उलट प्रश्न आला: प्रत्येकानं वेगळं शिकलं तर एकत्र बोलायला सामायिक काय उरलं? पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, कोलंबिया विद्यापीठानं सगळ्यांसाठी एक समान वर्ग सुरू केला. तो आजही चालतो. दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ मध्ये, हार्वर्डनं स्वतंत्र समाजाला लागणाऱ्या सामान्य शिक्षणावर अहवाल काढला. त्या वेळी लोकांच्या डोळ्यांसमोर उच्चशिक्षित जर्मनी होता. विषयातला तज्ज्ञ शहाणा नागरिक असेलच असं नाही, हे सगळ्यांनी नुकतंच बघितलं होतं. ब्राउन विद्यापीठानं १९६९ मध्ये पुन्हा उलटं केलं आणि सक्तीचे सामायिक विषयच काढून टाकले.

बहुतेक ठिकाणी सध्या वाटपाची पद्धत आहे. एवढे क्रेडिट विज्ञानाचे, एवढे कलेचे, एवढे समाजशास्त्रांचे. त्यातून तोच आजार येतो जो तुम्ही सांगताय. इथली मुलंसुद्धा म्हणतात, जेन-एड एकदाचे उरकून टाकू. सोपा विषय कोणता, सकाळी आठचा तास कुणाचा नाही, यावर निवड होते.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. इथल्या महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेनं २००९ मध्ये शिक्षकांकडून मूल्यमापनाचे तक्ते करून घेतले. व्हॅल्यू रुब्रिक्स म्हणतात त्यांना. लेखन, चिकित्सक विचार, नैतिक विवेक, संघकार्य असे प्रत्येकाचे वेगळे, आणि १ ते ४ पायऱ्या. त्यात एक तक्ता संख्या-साक्षरतेचा आहे. त्याचे सहा भाग: आकड्यांचा अर्थ लावणं, माहिती दुसऱ्या रूपात मांडणं, गणन, त्यावरून निष्कर्ष काढणं, गृहीतकं ओळखणं आणि आकडे वापरून आपलं म्हणणं पोचवणं.

बघा ताई, यातलं गणन हा सहातला एक भाग. तुमच्या परीक्षेत फक्त तोच विचारला गेला, आणि तोही सूत्र पाठ आहे का एवढाच. ‘ही दहा घरं कुणी निवडली’ हा गृहीतकांचा भाग आहे. तिथे तुमचा तो मुलगा चौथ्या पायरीवर उभा आहे आणि मिळाले २० पैकी ८. मी हे दोष द्यायला लिहीत नाही. पहिली दोन वर्षं मी इथे हेच केलं.

तक्ता उचलून आपल्याकडे लावू नका, तो इथल्या लहान वर्गांसाठी आहे. पण सहातले दोनच भाग निवडा आणि त्यांवर गुण ठेवा.

अर्धवेळ | मंगळवार, रात्री १०:०५

सगळं वाचलं. कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मी सीएचबीवर आहे, घड्याळी तासावर. तीन वर्षांत पाच वेगवेगळे ओई शिकवले. माझा विषय राज्यशास्त्र. त्यातले दोन राज्यशास्त्राचे होते, बाकीचे नव्हते. ओई कोणता ठेवायचा हे आमच्याकडे वर्कलोडवर ठरतं. ज्या विभागाचे तास कमी पडतात त्याला ओई देऊन तास भरून काढायचे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. एखाद्याची पूर्णवेळ जागा त्यावर टिकलेली असते, आणि जागा टिकावी असं मलाही वाटतं. पण मग मुलांसमोर ‘निवड’ म्हणून येतात ते दोन विषय, आणि त्यातलाही एक वेळापत्रकात बसत नाही.

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात बहुविद्याशाखीय विषयांचा हेतू बौद्धिक अनुभव विस्तारणं असा दिला आहे. बारावीला जे शिकलो तेच इथे परत घ्यायचं नाही, असंही म्हटलं आहे. योग्यच आहे. पण अनुभव विस्तारायचा तर शिकवणाऱ्याला विषय आवडीचा असावा लागतो आणि पुढच्या वर्षी तोच वर्ग परत मिळेल याची खात्री असावी लागते. जूनमध्ये मी असेन की नाही हे मला मेमध्ये माहीत नसतं. आंबेमोहर सरांसारखं सहा महिन्यांचं झाड मी मुलांना कसं देऊ?

ताई, उद्दिष्टांच्या कागदावर शिकवणाऱ्याबद्दलही एक ओळ असू द्या.

पायवाट | बुधवार, सकाळी ११:२०

मी एसवाय बीएस्सीला आहे, केमिस्ट्री. मागच्या वर्षी माझा ओई होता ग्रामीण स्थानिक शासन. आमच्या सरांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला हजर राहून पानभर लिहून आणायला सांगितलं होतं. मी याआधी कधीच गेले नव्हते. घरातून फक्त बाबा जातात.

गेले तेव्हा तिथे मुली दोनच, मी आणि ग्रामसेवकांची भाची. सरांनी सांगितलं होतं की मुख्य सभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. मी इतिवृत्ताचं रजिस्टर बघायला मागितलं. आधीच्या महिला सभेच्या पानावर एकोणीस सह्या होत्या. विषयाच्या जागी काहीच नव्हतं. त्या एकोणीस जणींत माझ्या आजीची सही होती. आजीला सही येत नाही, ती अंगठा करते.

मी तेवढंच लिहून दिलं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं नाही, पण खाली लिहिलं, ‘हे जपून ठेव.’ पुढच्या सभेला मी आजीला घेऊन गेले. तिनं पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं.

मला उद्दिष्टं लिहिता येत नाहीत. पण लॅबमध्ये आम्हाला शिकवतात की जे रीडिंग आलं तेच लिहायचं, यायला हवं होतं ते नाही. ते मला तिथे उपयोगी पडलं.

आंबेमोहर | बुधवार, सकाळी ११:४५

पायवाट, तुझ्या सरांनी लिहिलंय ते खरंच कर, तो कागद जपून ठेव.

वाईची_वाट | बुधवार, संध्याकाळी ६:१०

एका स्वायत्त कॉलेजच्या अभ्यास मंडळावर मी सहा वर्षं होतो, आता निवृत्त. आमच्याकडे हे नवं धोरण २०२३-२४ ला, म्हणजे तुमच्या आधी वर्षभर सुरू झालं. तेव्हा अनुभवातून दोन-तीन गोष्टी.

‘सामान्य शिक्षण’ ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या राधाकृष्णन आयोगानं, १९४८-४९ मध्ये, पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण द्यावं अशी शिफारस केली होती. विज्ञानाच्या मुलाला मानव्यविद्या, कलेच्या मुलाला विज्ञान. पाऊणशे वर्षांपूर्वी! शिफारशीला कुणाचा विरोध नव्हता. अडलं ते रोजच्या तासाशी आणि प्रश्नपत्रिकेशी.

उद्दिष्टं लिहिताना आम्ही काय करायचो तेही प्रामाणिकपणे सांगतो. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या वर्गीकरणातली क्रियापदांची यादी समोर ठेवायची. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. प्रत्येक युनिटला एक क्रियापद चिकटवायचं. मग सीओ-पीओचा, म्हणजे विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जोडणारा, तक्ता भरायचा, चौकटीत १, २, ३ आकडे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत तो सुबक दिसतो. प्रश्नपत्रिका तीच जुनी, ‘टिपा लिहा’. एका वर्षी आम्ही क्रम उलटा केला. अगोदर शेवटची प्रश्नपत्रिका लिहिली आणि नंतर, ही सोडवायला मुलाला काय यावं लागेल, ते उद्दिष्ट म्हणून लिहिलं. उद्दिष्टं आठाची तीन झाली. मंडळात यावर चार तास वाद झाला, पण त्या तीनपैकी एकावरही ‘म्हणजे काय?’ असं कुणाला विचारावं लागलं नाही.

आणखी एक आग्रह आहे. सामान्य शिक्षणात मराठी वाचन-लेखन फक्त भाषेच्या क्रेडिटमध्ये कोंडून ठेवू नका. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं ते याचसाठी, की कुठल्याही विषयाचं ज्ञान मराठीतून मिळावं. तो आता इंटरनेटवर मोफत आहे. मुलांना त्यातली आपल्या मेजरची एक नोंद द्या आणि सांगा, ही तुमच्या घरातल्या माणसाला समजेल अशी वीस ओळींत लिहा. ती त्या माणसाला वाचून दाखवा, आणि कुठे अडलं ते खाली लिहून आणा. नक्कल होत नाही, कारण प्रत्येकाच्या घरी वेगळ्या ठिकाणी अडतं. माझ्या वर्गातल्या फिजिक्सच्या एका मुलानं ‘घर्षण’ ही नोंद वडिलांना वाचून दाखवली. वडील सुतार. ते म्हणाले, ‘रंध्याला मेण का लावतो ते यात नाही.’ मुलानं ते खाली लिहून आणलं आणि आम्ही पुढचा पूर्ण तास त्या मेणावर घालवला.

शिवारफेरी | बुधवार, रात्री ९:३०

घर्षणाची गोष्ट पोरीला वाचून दाखवली. ती म्हणाली, मीपण करते, डेबिट-क्रेडिट तुम्हाला समजावते. आज तासभर बसलो. तिकीट मशीनचा दिवसाचा हिशोब तिनं त्यात घातला. मला बरंच कळलं. जिथे नाही कळलं ते तिनं लिहून घेतलंय.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री ९:१५

मंडळी, काल बैठक झाली. तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं काही ना काही मी घेऊन गेले होते.

सगळं मान्य झालं नाही. विद्यापीठाची ३० गुणांची लेखी परीक्षा आहे तशीच राहणार, ती आमच्या हातात नाही. अंतर्गत २० गुण मात्र आमचे आहेत, आणि त्यांत सूत्र-व्याख्या विचारायची नाही यावर सगळे विभाग तयार झाले. ओईचा तास पुढच्या सत्रापासून साडेअकराला. यासाठी दोन विभागांनी प्रॅक्टिकलच्या बॅच हलवल्या, आणि त्यांनी हे मनापासून केलं. अर्धवेळ सर, तुमची ओळ कागदावर आली आहे: ज्यांनी ओई एकदा शिकवला त्यांनाच पुढच्या वर्षी तो पहिल्यांदा विचारावा. नेमणुकीची हमी त्यात नाही. ती मिळायला वरपर्यंत जावं लागेल, आणि प्राचार्यांनी तसं पत्र लिहायचं कबूल केलं आहे.

संख्याशास्त्राच्या ओईला आता दोनच उद्दिष्टं आहेत. पहिलं: समोर आलेला आकडा कुणी, कधी, कुणाला मोजून काढला हे विद्यार्थी विचारेल आणि त्यात कोण सुटलं असेल ते लिहून दाखवेल. दुसरं: पैशाचा कोणताही कागद सही करण्याआधी वाचून त्यातला हिशोब घरच्यांना समजेल अशा मराठीत सांगेल. दुसरं वाक्य शिवारफेरी दादांचं आहे.

वाईची_वाट सर, तुम्ही सांगितलंत तसं प्रश्न आधी लिहिला. तो असा:

‘एका गावात डिसेंबर महिन्यात पाहणी झाली. १२० घरांपैकी ७० घरं उघडी होती. त्या ७० घरांतल्या कमावत्या माणसांची संख्या आणि उत्पन्न सोबतच्या तक्त्यात दिलं आहे. (अ) मध्य आणि मध्यक काढा. (४ गुण) (आ) या पाहणीवरून गावाबद्दल काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही? (८ गुण) (इ) उरलेली ५० घरं मोजायला तुम्ही कधी, कुठे जाल आणि कुणाला काय विचाराल? (८ गुण)’

त्या मुलाला बोलावून दाखवला. त्यानं तिथेच उभ्यानं वाचला आणि म्हणाला, (इ) साठी कारखान्याच्या तळावर जावं लागेल, कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर), आणि रात्री आठनंतर जावं लागेल, त्याआधी कुणी भेटत नाही.

दूरदेशी_कोकणी | शुक्रवार, रात्री ११:५०

(आ) आणि (इ) मिळून १६ गुण! ताई, खूप आनंद झाला. एक शंका. तक्त्यात कमावत्या माणसांची संख्या तुम्ही दिली आहे. कोयत्याचं काय? तो एक धरलाय की दोन?

मांजराकाठ | शनिवार, सकाळी ७:०५

तो रकाना आता कोरा ठेवणार आहे. तक्त्यात फक्त लिहीन, ‘कोयते: ११’. एक धरायचा की दोन, ते मुलांनी ठरवायचं आणि का ते लिहायचं. त्याचे दोन गुण (अ) मधून काढते.